आधी सांगा, तुम्हाला पैसे कोण देतं? परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सींना खुलं पत्र

परदेशी प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सींचे चालक, शाखाप्रमुख आणि काउन्सेलर यांना,

स. न. वि. वि.

नव्या इनटेकची, म्हणजे प्रवेशाच्या नव्या हंगामाची, धावपळ सुरू झाली आहे आणि तुमच्या कार्यालयांतून निघालेल्या शॉर्टलिस्ट, म्हणजे सुचवलेल्या विद्यापीठांच्या याद्या, पुन्हा आमच्यापुढे येऊ लागल्या आहेत. आम्ही काही जण विद्यार्थ्यांची ऑफर लेटर, करार आणि व्हिसाची कागदपत्रं वाचून देण्याचं काम करतो. त्याचे पैसे आम्ही विद्यार्थ्याकडून घेत नाही आणि विद्यापीठाकडूनही घेत नाही. हे काम करताना एक गोष्ट इतक्या वेळा दिसली आहे, की ती आता खासगीत सांगून भागणार नाही. ‘आमचा सल्ला मोफत आहे’ असं तुम्ही सांगता. ज्या विद्यापीठांची नावं यादीत आहेत, त्यांतलीच बहुतेक तुम्हाला पैसे देतात, हे मात्र विद्यार्थ्याला सांगितलं जात नाही. घरातली आयुष्यभराची बचत आणि डोक्यावर घेतलेलं कर्ज त्या यादीवर लागतं. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार याच कमिशनची. कमिशन घेणं हा गुन्हा नाही. तुमच्यात मन लावून काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनाही कार्यालय चालवायचं असतं. आमचा आक्षेप लपवण्याला आहे.

व्यवहार असा चालतो. विद्यापीठ आणि एजंट यांच्यात करार होतो. विद्यार्थी तिथं पोहोचला, त्याची नोंदणी झाली, पहिली फी जमा झाली आणि फी परत मागण्याची मुदत उलटली, की विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या फीचा ठरलेला हिस्सा एजंटला देतं. तो साधारण १० ते २० टक्के असतो. जास्त विद्यार्थी पाठवले तर दर वाढवून देणारे करारही असतात. बरं, विद्यार्थी ज्या कार्यालयात जाऊन बसतो त्याचा विद्यापीठाशी थेट करार असेलच असं नाही. ते कार्यालय अनेकदा सब-एजंट असतं, त्याच्या वर अशा अनेक कार्यालयांचे अर्ज एकत्र करून पाठवणारी एखादी मोठी ॲग्रिगेटर कंपनी आणि त्या कंपनीच्या वर विद्यापीठ. मग विद्यापीठानं बदललेली अट दोन पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत अर्जाची मुदत निघून जाते, आणि चूक कुणाची हे ठरवताना तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

यादीवर याचा परिणाम काय होतो ते पाहा. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फीच घेत नाहीत. फी नाही, तर तिच्यातला टक्का कुठून येणार? म्हणून जर्मनीला जायचं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात वर्षाला हजारो युरो घेणाऱ्या खासगी संस्थांची यादी पडते, आणि सरकारी विद्यापीठांबद्दल ‘तिथं प्रवेश मिळणं कठीण’ एवढंच वाक्य ऐकायला मिळतं. ते कठीण असेलही, पण तुलना करायला ती नावं समोर तरी यायला हवीत. अमेरिकेतल्या पीएचडीचंही तसंच. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या बऱ्याच विभागांत पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी माफ होते आणि वर मासिक वेतन मिळतं. संशोधनाची खरी आवड आणि तयारी असलेल्या मुलांच्या याद्यांतही आम्हाला दोन वर्षांच्या, पूर्ण फीच्या मास्टर्सखेरीज काही दिसत नाही.

खुद्द अमेरिकेत ही जोखीम कायद्यानं मान्य केलेली आहे. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या तिथल्या संस्थांना देशातले विद्यार्थी आणून देणाऱ्याला प्रवेशांच्या संख्येवर मोबदला देता येत नाही. ही बंदी १९९२ पासून आहे. कारण साधं आहे: माणसामागे पैसे मिळू लागले, की सल्ला विक्रीकडे झुकतो. मात्र परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना या बंदीतून वगळलेलं आहे. जे संरक्षण तिथल्या मुलांना आहे ते इथून जाणाऱ्यांना नाही, आणि तुमचा सगळा व्यवसाय नेमका याच फटीत उभा आहे. म्हणून तुमच्यावरची जबाबदारी जास्त आहे.

ऑस्ट्रेलियाची २०१८ ची राष्ट्रीय संहिता सांगते, की एजंटनं आपले हितसंबंध लेखी जाहीर करावेत आणि ते सल्ल्याच्या आड येऊ देऊ नयेत, ही अट संस्थेनं त्याच्याशी केलेल्या करारात असायला हवी. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड या चार देशांनी २०१२ मध्ये लंडन स्टेटमेंट या नावानं एजंटांसाठी तत्त्वं मान्य केली. विद्यार्थी आणि संस्था या दोघांशीही लेखी करारानं पारदर्शक व्यवहार ठेवावा, हे त्यांतलं एक. तुमच्या भिंतींवर या देशांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं लावलेली असतात. त्या प्रमाणपत्रांमागची तत्त्वं विद्यार्थ्याच्या हातातल्या कागदावर कुठंही उतरलेली नसतात.

दुसरी तक्रार तुम्ही विद्यापीठ कसं ‘विकता’ याबद्दल. यादीत नावापुढे एक आकडा असतो, जागतिक रँकिंग. तो आकडा कसा तयार होतो हे कुणी सांगत नाही. क्यूएस या रँकिंग काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या सध्याच्या पद्धतीत ३० टक्के गुण प्राध्यापकांमध्ये असलेल्या नावलौकिकाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मं गुणपत्रक मतं विचारून भरलं जातं. आणखी २० टक्के शोधनिबंधांच्या संदर्भांना. शिक्षकामागे विद्यार्थी किती, याला फक्त १० टक्के. हा आकडा संपूर्ण विद्यापीठाचा असतो. विद्यार्थी जाणार असतो एका विभागात, एका अभ्यासक्रमाला. वैद्यकीय संशोधनामुळे वर गेलेलं विद्यापीठ डेटा सायन्सचं मास्टर्स कसं शिकवतं, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही.

पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या तुम्हाला ठाऊक असतात. मॉड्यूलची, म्हणजे अभ्यासक्रमातल्या विषयांची, यादी उघडायची. त्यातले सक्तीचे विषय किती, ऐच्छिक किती, आणि ऐच्छिकांपुढे ‘उपलब्धतेनुसार’ असं लिहिलेलं आहे का ते बघायचं. तसं असेल तर तो विषय त्या वर्षी शिकवला जाईलच असं नाही. मग क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराची एककं, मोजायची. ब्रिटनमधलं एक वर्षाचं मास्टर्स बहुधा १८० क्रेडिटचं असतं आणि त्यातली ६० सहसा प्रबंधाला जातात. ईसीटीएस या युरोपीय मोजमापात ही १८० म्हणजे ९०. युरोपातलं दोन वर्षांचं मास्टर्स १२० ईसीटीएसचं असतं. पुढे पीएचडी करायची असेल तर हा ३० चा फरक काही ठिकाणी आडवा येतो, कारण तिथं १२० ची अट असते. तीन वर्षांच्या पदवीवर अर्ज करणाऱ्याचंही असंच आहे: काही अमेरिकी विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, काही तीन वर्षांची स्वीकारतात. हे अर्जाची फी भरण्याआधी विभागाला ईमेल करून विचारायचं असतं, फेटाळल्याचं पत्र आल्यावर नाही.

आणि कॅम्पस! याच्यावर आमचा जीव सगळ्यांत जास्त तुटतो. ब्रिटनमधल्या, लंडनपासून कितीतरी दूर असलेल्या अनेक विद्यापीठांच्या लंडनमध्ये छोट्या शाखा आहेत. त्यांतल्या काही एखाद्या खासगी भागीदार कंपनीसोबत चालतात. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं, पण मूळ कॅम्पसवरचं ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि ज्यांचे शोधनिबंध वाचून विद्यार्थ्यानं ते विद्यापीठ निवडलं ते प्राध्यापक, यांतलं काही त्या इमारतीत असेलच असं नाही. ऑफर लेटरवर ‘शिक्षणाचं ठिकाण’ अशी ओळ असते, आणि ती विद्यार्थ्याला बोट ठेवून दाखवणं हे काउन्सेलरचं काम आहे. तीच गोष्ट फाउंडेशन आणि पाथवे, म्हणजे विद्यापीठाआधीच्या पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमांची. विद्यार्थी सांगतो ‘अमुक विद्यापीठात प्रवेश मिळाला’. प्रत्यक्षात मिळालेला असतो पाथवे कंपनीत, आणि विद्यापीठाचं दार ठरावीक गुण पडले तरच उघडतं. ते गुण किती, कोणत्या विषयात, आणि नाही पडले तर पुढे काय, हे तीन प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा बहुतेकांना पहिल्याचंही उत्तर देता येत नाही.

तिसरी तक्रार शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याबद्दल. कर्जाचं सगळं गणित यावर उभं असतं, म्हणून इथं अर्धवट माहिती देणं अक्षम्य आहे.

अमेरिकेत पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्य यादीतल्या विषयाला आणखी २४. विषय त्या यादीत आहे की नाही, हे अभ्यासक्रमाच्या नावावर ठरत नाही, त्याला दिलेल्या सीआयपी कोडवर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विषय-वर्गीकरणातल्या क्रमांकावर, ठरतं. व्यवस्थापनाच्या दोन पदव्यांची जाहिरात एकसारखीच वाटते. एकीचा कोड ५२.०२०१, म्हणजे व्यवसाय प्रशासन, तो यादीत नाही. दुसरीचा ५२.१३०१, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, तो यादीत आहे. फरक दोन वर्षांच्या नोकरीचा. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रमाणपत्रावर, हा कोड छापलेला असतो, पण आय-२० हातात येतो तोपर्यंत प्रवेश स्वीकारून झालेला असतो. म्हणून अर्जाआधी अभ्यासक्रमाच्या पानावर किंवा विभागाकडून कोड लेखी मागून घ्यायचा. एका ईमेलचं काम आहे.

ब्रिटनबद्दलची तुमची पत्रकं अजून ‘दोन वर्षांचा वर्क व्हिसा’ छापतात. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूटसाठी, म्हणजे शिक्षणानंतरच्या याच व्हिसासाठी, अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. पीएचडीला तीन वर्षं कायम आहेत. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाचं मास्टर्स सुरू करणारा विद्यार्थी २०२७ मध्ये अर्ज करणार. त्याला दोन वर्षं सांगणं ही चुकीची माहिती आहे, आणि नियम जाहीर झालेला असल्यानं ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असंही म्हणता येणार नाही.

कॅनडात सगळ्यांत जास्त फसगत डीएलआय क्रमांकामुळे, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थेच्या क्रमांकामुळे, होते. संस्थेला हा क्रमांक आहे म्हणजे तिथं शिकण्यासाठी परवाना मिळू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. पदवीनंतरचा वर्क परमिट त्या अभ्यासक्रमावर मिळेलच असं त्यातून निघत नाही. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम परवान्यावर घेऊन खासगी कॉलेजात शिकवला जात असेल, तर १५ मे २०२४ पासून असा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांना तो परमिट नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षण-परवान्याचा अर्ज करणाऱ्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना विषयाचीही अट आहे. पदवी, मास्टर्स आणि पीएचडी त्यातून सुटलेली आहेत. तरीही ‘कुठलाही डिप्लोमा चालतो, आधी पोहोचायचं बघा’ असं सांगून मुलांना पाठवलं जातं.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, परिचारिका अशा नोंदणीच्या व्यवसायांत तर पदवी हा फक्त अर्धा रस्ता असतो. जिथं काम करायचं आहे तिथली नोंदणी संस्था ती पदवी मानते का, हे त्या संस्थेच्या यादीत बघायचं. विद्यापीठाच्या पत्रकावर विसंबायचं नाही.

चौथी तक्रार खर्चाच्या आकड्यांची. तुमच्या तक्त्यात फी असते आणि शेजारी ‘राहण्याचा अंदाजे खर्च’. मध्येच हरवणाऱ्या रकमा आम्ही सांगतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासोबत आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड भरावा लागतो. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अभ्यासक्रमानंतरचे चार महिने धरून वर्षापेक्षा लांब असतो, आणि वरच्या सहा महिन्यांपर्यंतच्या तुकड्याला अर्धा दर लागतो. म्हणजे भरायचे १,१६४, तेही अर्जाच्या वेळीच, एकरकमी. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ आणि इतरत्र १,१७१ पौंड आहे, नऊ महिन्यांपर्यंतची. म्हणजे १३,७६१ किंवा १०,५३९. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात असायला हवेत आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. खातं विद्यार्थ्याचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं लागतं. काकांच्या खात्यात पैसे दाखवून फेटाळलेले अर्ज आम्ही वाचले आहेत आणि ती खाती कन्सल्टन्सीनं ‘चालेल’ म्हटलेली होती.

जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याची, रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. ती महिन्याला ९९२ युरोप्रमाणे सुटते. पहिल्याच महिन्यात घराचं डिपॉझिट द्यावं लागतं, आणि कायद्यानं घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं मागू शकतो. ९९२ मध्ये ते बसत नाही. त्यामुळे वेगळी रक्कम सोबत न नेलेला विद्यार्थी पहिल्या पंधरवड्यातच उसनवारीला लागतो. ‘जर्मनीत सगळं फुकट’ हेही पूर्ण खरं नाही: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. नॉर्वेनं २०२३ मध्ये फी लावली. तरी फुकट देशांच्या यादीत नॉर्वे अजून झळकतो.

कॅनडासाठी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून एका माणसाला २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. त्यात फी आणि प्रवास धरलेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाचा अर्जच जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा झाला, आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत. अर्ज कमकुवत आहे हे दिसत असताना ‘टाकून तर बघू’ म्हणणाऱ्यानं हा आकडा आधी सांगावा.

राहिली पार्टटाइम कामाची गोष्ट. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, आणि अमेरिकेत कॅम्पसवर २० तास. या मर्यादा आहेत, हमी नाही. नोकरी शोधायला आठवडे जातात आणि परीक्षेच्या काळात तास कमी करावे लागतात. त्यातून किराणा आणि प्रवास निघाला तरी पुष्कळ. फी त्यातून निघेल असं सांगणं थांबवा.

पाचवी तक्रार, अर्ज कुणाचा आहे ही. अर्जावर ईमेल तुमचा, फोन तुमचा, पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे. शिष्यवृत्तीचं पत्र आलं, मुलाखतीची तारीख आली, एखादा कागद कमी पडला, ते सगळं आधी तुमच्या इनबॉक्समध्ये. जिथं कमिशन नाही तिथला होकार विद्यार्थ्यापर्यंत उशिरा पोहोचला तर त्याला कळायलाही मार्ग नाही. एकदा अर्जावर एजंट म्हणून नाव लागलं की बरीच विद्यापीठं मध्येच एजंट बदलू देत नाहीत, हेही कुणी आधी सांगत नाही.

एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का हवा हे सांगणारं विद्यार्थ्याचं निवेदन, लिहून देणं तर तुमच्या पॅकेजमध्येच असतं. नाव आणि विद्यापीठ बदलून तेच परिच्छेद फिरतात. आम्हाला ते वाचून ओळखू येतात, मग प्रवेश समितीला येणार नाहीत? ब्रिटनच्या युकासनं, म्हणजे तिथल्या पदवी प्रवेशांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेनं, २०२६ च्या प्रवेशांपासून पदवीच्या निवेदनाचे तीन ठरलेले प्रश्न केले, सगळे मिळून ४,००० अक्षरांचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा अर्जातल्या प्रश्नांना १५० शब्दांची मर्यादा आहे. एवढ्याशा जागेत स्वतःचं कारण स्वतःच्या शब्दांत लागतं. आणि कागदात काही खोटं निघालं तर शिक्षा विद्यार्थ्याला होते: कॅनडात पाच वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये दहापर्यंत, ऑस्ट्रेलियात खोट्या कागदाला तीन वर्षं. कॅनडात २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली होती. त्यानंतर त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून तपासून घेतलं जाऊ लागलं. देश सोडण्याची वेळ आलेल्यांपैकी कित्येकांना आपलं पत्र बनावट आहे याचा पत्ताही नव्हता.

डिपॉझिटच्या घाईबद्दल थोडक्यात. ‘आजच भरा, नाहीतर सीट जाईल’ हे वाक्य विद्यापीठाच्या पत्रात असेल तर दाखवा, नसेल तर म्हणू नका. अमेरिकेत अनेक ग्रॅज्युएट स्कूलनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. हे मदतीसह आलेल्या प्रस्तावांपुरतंच आहे, तेही स्पष्ट सांगावं. ऑस्ट्रेलियात अभ्यासक्रम २५ आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर सुरू होण्याआधी निम्म्याहून जास्त फी संस्था मागू शकत नाही. तिथं व्हिसा नाकारला गेला, तर संस्था फीच्या ५ टक्के किंवा ५०० डॉलर यांपैकी जी कमी तेवढीच रक्कम ठेवून बाकी परत करते. ही माहिती पालकांना डिपॉझिट भरण्याआधी मिळायला हवी.

कर्ज, विमा, परकीय चलन, खोली यांच्या ‘सोयी’तही कमिशन असतं. त्यालाही पहिल्या तक्रारीतलंच लागू.

आता मागण्या. याच इनटेकपासून.

१. शॉर्टलिस्टमधल्या प्रत्येक विद्यापीठापुढे लिहा: इथून आम्हाला कमिशन मिळतं किंवा मिळत नाही. मिळत असेल तर थेट की दुसऱ्या कंपनीमार्फत, तेही. टक्का सांगितलात तर उत्तमच.

२. प्रत्येक यादीत विद्यार्थ्याच्या गुणांना आणि विषयाला साजेशी, कमिशन न देणारी किमान दोन विद्यापीठं ठेवा. नसतील तर का नाहीत ते लिहा.

३. अर्ज विद्यार्थ्याच्या ईमेलवरून, विद्यार्थ्याच्या पासवर्डनं. तुम्हाला प्रत हवी असेल तर त्याच्या संमतीनं.

४. प्रत्येक ऑफरसोबत एक पान द्या. त्यावर शिक्षणाचं नेमकं ठिकाण, शिकवणारी संस्था, एकूण क्रेडिट, अमेरिकेसाठी सीआयपी कोड, कॅनडासाठी वर्क परमिटची पात्रता, आणि ही माहिती सरकारी संकेतस्थळावर कोणत्या तारखेला पाहिली ती तारीख.

५. खर्चाच्या तक्त्यात व्हिसा, आरोग्य अधिभार किंवा विमा, घराचं डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांची रोख वेगळी दाखवा. पार्टटाइमची कमाई त्यात धरू नका.

६. एसओपी लिहून देणं बंद करा. वाचा, प्रश्न विचारा, चुका दाखवा. लिहू द्या त्याला.

७. तुमच्या सेवेचा लेखी करार द्या. व्हिसा नाकारला, विद्यापीठानं प्रवेश रद्द केला किंवा विद्यार्थ्यानं विचार बदलला, तर तुमची फी किती परत, किती दिवसांत, हे त्यात असू द्या.

८. ‘९९ टक्के व्हिसा यश’ असं छापायचं असेल तर सोबत छापा: कोणत्या देशाचे, कोणत्या वर्षी, किती अर्ज केले आणि किती नाकारले.

यातली कुठलीही मागणी पाळायला नवा कर्मचारी किंवा नवं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्या मागणीला तर एक रकाना पुरतो. तुमच्यातल्या काहींनी तो रकाना आधीच ठेवला असेल तर आम्हाला ती यादी पाठवा. नाव झाकून, विद्यार्थ्याच्या परवानगीनं, ती नमुना म्हणून आम्ही इतरांपुढे ठेवू. आमच्या एखाद्या आकड्यात किंवा नियमात चूक दिसली तर तीही कळवा, दुरुस्त करून तशी नोंद करू. नकाराचं उत्तर आलं तरी एक शब्दही न बदलता प्रसिद्ध करू.

आणि हे पत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी उत्तराची वाट पाहत थांबू नये. पुढच्या भेटीत काउन्सेलरसमोर बसल्यावर यादी टेबलावर ठेवा आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून एकच विचारा: ‘इथून तुम्हाला किती मिळतं?’ उत्तर लिहून घ्या, मग घरी येऊन त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अधिकृत एजंटांची यादी शोधा. बरीच विद्यापीठं ती जाहीर करतात. तिच्यात या कार्यालयाचं नाव नसेल, तर कुणामार्फत अर्ज जातो आहे हे विचारल्याशिवाय पासपोर्टची प्रत देऊ नका.

कळावे,

परदेशी प्रवेशांचे कागद वाचून देणारे आम्ही काही जण